आधी चेहरा, मग पाठ

भिंत रंगवणाऱ्याला एक सोय असते. शेवटचा हात नीट बसला की आधीच्या हातांतलं बरंच काही झाकून जातं. फायबरचा साचा बनवणाऱ्याला ही सोय नाही. त्याने सर्वांत आधी लावलेला थर हाच शेवटी दिसणार असतो, आणि त्यावर मॅट, म्हणजे काचतंतूंची चटई, चढली की साचा सुटेपर्यंत तो थर नजरेआड जातो. पुढचं सगळं काम पाठीवर चालतं. चेहरा खाली, प्लगला चिकटलेला.

गाडीचा बंपर, फेंडर, बॉनेट किंवा स्पॉयलर स्वतःच्या मनासारखा घडवायचा तर आधी प्लग करायचा, प्लगवरून साचा घ्यायचा आणि साच्यातून भाग काढायचा. प्लग म्हणजे हव्या त्या भागाची प्रतिकृती, साचा म्हणजे तिचा उलटा ठसा. हे काम शिकायला लागलं की ते नियमांच्या ढिगासारखं समोर येतं. हार्डनर इतकाच घाल, मॅट कापू नको, फाड, कोपरा आधी भर, आज इथेच थांब. का, ते कुणी सांगत नाही, कारण सांगणाऱ्याचे हात रेझिनने, म्हणजे काचतंतूंना बांधणाऱ्या चिकट द्रवाने, भरलेले असतात आणि माल जेल व्हायला, म्हणजे गोठायला, आलेला असतो. कामात मुरत गेलो तसं लक्षात आलं की या सगळ्या सूचनांमागे एकच धास्ती आहे. पाठीवर जे घडतं ते चेहऱ्यावर उमटू पाहतं. हवेचा बुडबुडा, कापडाची वीण, उष्णतेने आलेला ताण, घाईत चिकटवलेली बरगडी, सगळ्यांची धाव पुढच्या बाजूकडे असते. तंत्र म्हणून जे काही आहे ते या धावेला अडवण्याचं.

प्लगबद्दल थोडक्यातच बोलतो, कारण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. तो लाकडाचा, मातीचा, पीयू फोमचा किंवा जुन्या बंपरवर पुट्टी चढवून केलेला असू शकतो. थर्माकोल वापरायचा असेल तर त्यावर आधी दुसरं काही आवरण हवं, कारण पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन थर्माकोलला डोळ्यांदेखत विरघळवतं. पुट्टी, प्रायमर, मग १२० पासून चढत चढत १२०० किंवा २००० नंबरच्या पेपरपर्यंत घासकाम आणि शेवटी पॉलिश. घासलेल्या पृष्ठभागाची परीक्षा बोटांनी होते तशी ट्यूबलाइटच्या प्रतिबिंबानेही होते. प्रकाशाची रेघ फेंडरच्या वळणावरून सरळ वाहत गेली तर ठीक, मध्येच थरथरली तर तिथे लाट आहे. साचा ही लाट इमानदारीने उचलतो. तो प्लगपेक्षा चांगला कधीच होत नसतो.

आकाराचा विचारही इथेच करायचा. भाग साच्यातून बाहेर यायचा तर उभ्या भिंतींना निदान २-३ अंशांचा उतार हवा. बंपरसारखा भाग आत वळलेला असतो, तो एका साच्यातून निघतच नाही. मग साचा दोन-तीन तुकड्यांत करायचा. जोडाच्या रेषेवर तात्पुरती फळी उभी करून पहिल्या तुकड्याची फ्लँज, म्हणजे बाहेर वळलेली कड, घ्यायची, फळी काढायची, त्या फ्लँजला वॅक्स लावून दुसरा तुकडा तिच्यावरच घ्यायचा. असं केलं की दोन्ही फ्लँज एकमेकींना अचूक बसतात. बोल्टची भोकं साचा प्लगवर असतानाच पाडून घ्यावीत. नंतर जुळवत बसलं तर जोडाच्या रेषेवर पायरी येते आणि ती प्रत्येक नगावर घासत बसावी लागते.

आयत्या गाडीच्या पत्र्यावर किंवा कुणी केलेल्या भागावर वॅक्स मारून थेट साचा घेणारेही असतात. तंत्राच्या दृष्टीने त्यात काहीच अवघड नाही, हीच त्यातली अडचण. ब्रूस मेयर्स हा मूळचा फायबरच्या बोटी बांधणारा माणूस. १९६४ मध्ये त्याने फोक्सवॅगन बीटलच्या यांत्रिक भागांवर फायबरची उघडी बग्गी उभी केली, तीच मेयर्स मँक्स. ती लोकप्रिय झाली आणि तिच्यावरून साचे उचलून नकला करणाऱ्यांची रांग लागली. मेयर्स पेटंट घेऊन कोर्टात गेला, पण ते पेटंट टिकलं नाही. मूळ आकारामागे कुणाची किती मेहनत आहे हे साच्याला कळत नाही, पण ते आपल्याला कळायला हरकत नसावी. दुरुस्तीसाठी, आपल्याच तुटलेल्या भागाचा साचा घेणं वेगळं. दुसऱ्याचा आकार उचलून आपला म्हणून विकणं मला तरी रुचत नाही.

आता वॅक्स. कार्नोबा वॅक्सचे पाच-सहा हात, प्रत्येक हातानंतर थांबून, स्वच्छ कापडाने चमक येईपर्यंत पुसून. दोन हातांमध्ये थांबायचं ते आधीचा हात पक्का व्हावा म्हणून. घाई केली तर नवा हात जुन्याला विरघळवून उचलतो आणि सहा हात लावूनही पृष्ठभागावर एकच उरतो. नव्या प्लगवर मी वॅक्सच्या वर पीव्हीएचं, म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचं, पातळ आवरणही स्प्रे करतो. ते वाळलं की पारदर्शक पापुद्रा तयार होतो आणि पाण्यात विरघळतो, म्हणून साचा सुटायला मदत होते. त्याने आरशासारखी चमक थोडी मरते हे खरं, पण प्लगला कायमचा चिकटलेला साचा सोडवण्यापेक्षा नंतर थोडं घासून पॉलिश करणं केव्हाही परवडतं.

यानंतर येतो तो चेहरा, म्हणजे जेलकोट, रेझिनचा रंगीत, काच नसलेला पहिला थर. साच्यासाठीचा टूलिंग जेलकोट नेहमीच्या जेलकोटपेक्षा कडक असतो, उष्णता आणि घासकाम जास्त सोसतो. त्याचा रंग प्लगच्या रंगापेक्षा वेगळा निवडावा, म्हणजे ब्रश मारताना कुठे पातळ राहिलं ते दिसतं. जाडी ओली असताना सुमारे ०.५ ते ०.८ मिलिमीटर, आणि ती दोन हातांत. ब्रशच्या रेघा पहिल्या हातात आडव्या असतील तर दुसऱ्यात उभ्या. मऊ, रुंद ब्रश घ्यावा आणि जेलकोट ओढायच्या ऐवजी वाहून न्यावा. जास्त घोळवलं की हवा आत शिरते.

जाडीबद्दल एवढं काटेकोर का राहायचं? पातळ जेलकोट नीट सेट होत नाही. सेट होताना जी उष्णता निर्माण व्हावी लागते ती पातळ थरात टिकत नाही, शिवाय त्यातलं स्टायरीन उडून जातं. असा अर्धवट थर वरून ओलं रेझिन आलं की फुगतो, कारण नव्या रेझिनमधलं स्टायरीन त्यात शिरतं. मग मगरीच्या पाठीसारख्या सुरकुत्या पडतात. आणि त्या दिसतात केव्हा? साचा सुटल्यावर. उलट फार जाड थर दिला तर तो ठिसूळ होतो, आकसताना कोपऱ्यात प्लगपासून आधीच सुटतो, पुढे तडकतो. जेलकोट पुढच्या थरासाठी तयार आहे की नाही हे घड्याळाला विचारू नये. फ्लँजच्या कडेला, जिथे डाग पडला तरी चालेल अशा जागी बोट टेकवावं. चिकट लागतं पण बोटाला रंग येत नाही, ती वेळ बरोबर. जेलकोटचा हवेकडचा पृष्ठभाग मुद्दामच चिकट राहतो. हवेतला ऑक्सिजन तिथली प्रक्रिया पूर्ण होऊ देत नाही, आणि त्या चिकटपणामुळेच पुढचा थर त्याला रासायनिकरीत्या धरतो.

इथे रेझिनच्या स्वभावाबद्दल थोडं बोलायला हवं. पॉलिएस्टर रेझिन सुकत नाही, सेट होतं. या दोहोंत फरक आहे. रंगासारखं पाणी किंवा थिनर उडून ते घट्ट होत नाही. त्यातले रेणू एकमेकांना कायमचे बांधले जातात आणि त्यात स्टायरीनही ओवलं जातं. या प्रक्रियेला सुरुवात करतो तो एमईकेपी हा हार्डनर, आणि साध्या खोलीच्या तापमानात ती घडावी म्हणून कोबाल्टचा अ‍ॅक्सिलरेटर असतो. बहुतेक रेझिनमध्ये कोबाल्ट आधीच घातलेला येतो. वेगळा घालायचा असेल तर तो आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचा आणि त्यानंतरच हार्डनर टाकायचा. कोबाल्ट आणि एमईकेपी एकमेकांना थेट भेटले तर स्फोट होऊ शकतो. दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवू नयेत, दोन्हींना एकच माप वापरू नये. हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला तरी दृष्टीला कायमची इजा होऊ शकते, म्हणून गॉगल. स्टायरीनच्या वाफेसाठी साधा कापडी मास्क कामाचा नाही, सेंद्रिय वाफांचं फिल्टर असलेला मास्क हवा. अ‍ॅसिटोनजवळ ठिणगी नको. यावर मी वाद घालत नाही.

हार्डनर साधारण १ ते २ टक्के, वजनाने. एक किलो रेझिनला १० ते २० ग्रॅम. नवख्या माणसाला वाटतं की हार्डनर कमी घातला तर काम करायला जास्त वेळ मिळेल. मिळतो, पण एका मर्यादेखाली माल कधीच पुरता पक्का होत नाही. आठवड्याने वरून कडक वाटतो, आतून अर्धा कच्चा असतो. तो कच्चेपणा पुढे साच्यातून पहिला भाग काढताना, त्या भागाच्या उष्णतेने, चेहऱ्यावर लाट होऊन वर येतो. वेळ हवा असेल तर माल थोडा थोडा कालवावा आणि पसरट भांड्यात ठेवावा. खोल डब्यात रेझिन स्वतःच्याच उष्णतेने तापतं आणि जितकं तापेल तितकं वेगाने सेट होतं. उरलेला माल डब्यातच राहिला तर धूर येईपर्यंत तापतो. तो बाहेर मोकळ्या जागेत नेऊन पसरून द्यावा. खोलीचं तापमान २० ते २५ अंश सेल्सिअसच्या आसपास असलं की सगळं शहाण्यासारखं वागतं. १५ च्या खाली काम सुरूच करू नये.

आता पहिली मॅट. माझ्या मते अख्ख्या कामाचा कस इथे लागतो, आणि लोक नेमकी इथेच घाई करतात, कारण जेलकोट लागल्यामुळे आता साचा झालाच असं त्यांना वाटत असतं. आधी कोपरे बघायचे. काचेचा तंतू काटकोनात वळत नाही. तो कोपऱ्यावर पूल बांधतो आणि त्या पुलाखाली हवा राहते. जेलकोटच्या मागे अशी पोकळी राहिली की साचा वापरताना कधीतरी तिथला जेलकोट टवक्यासारखा फुटतो. म्हणून सगळे तीक्ष्ण आतले कोपरे रेझिन, बारीक काचतंतू आणि फ्यूम्ड सिलिका ही घट्टपणा आणणारी पूड यांच्या पेस्टने भरून गोल करायचे. दिव्याच्या खाचा, नंबरप्लेटचा खळगा, ग्रिलच्या पट्ट्या, या जागी पेस्टला पर्याय नाही.

मग काचतंतूंचा पातळ टिश्यू, त्यावर ३०० ग्रॅमची मॅट. म्हणजे एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम काच. जाड मॅट इथे नको, ती वळणांवर बसत नाही. मॅटचे तुकडे आधीच तयार ठेवावेत, कारण हार्डनर घातल्यावर कात्री शोधायला वेळ नसतो. कडा कापण्याऐवजी हाताने फाडाव्यात. कापलेल्या कडेला पायरी राहते, फाटलेल्या कडेचे तंतू शेजारच्या तुकड्यात मिसळून जातात. ही पायरीही पाठीवरची गोष्ट आहे, आणि तीसुद्धा पुढे उमटते.

आधी जेलकोटवर रेझिनचा हात द्यायचा, मग मॅट ठेवायची, मग जरा थांबायचं. या थांबण्याचं मोल मला फार वाटतं. रेझिन खालून वर येतं, येताना हवेला पुढे ढकलतं, आणि मॅटला बांधून ठेवणारं बाइंडर स्टायरीनमध्ये विरघळू लागतं. दोन मिनिटांपूर्वी पुठ्ठ्यासारखी ताठ असलेली मॅट लुळी पडते आणि फेंडरच्या वळणावर आपण होऊन लोळते. ती आधीच दाबायला गेलं तर तंतू विस्कटतात आणि हवा आतच राहते. म्हणूनच साधी मॅट एपॉक्सीबरोबर नीट चालत नाही, एपॉक्सीत स्टायरीन नाही आणि बाइंडर सुटत नाही. एपॉक्सीला विणलेलं कापड बरं.

मॅट लुळी पडली की ब्रशने टिपायचं. ब्रश ओढायचा नाही, उभा धरून ठोकत जायचं. केस थोडे कापून आखूड केलेला ब्रश यासाठी उत्तम, त्याला बळ येतं. जिथे मॅट पांढरी दिसते तिथे हवा किंवा कोरडा तंतू आहे, जिथे पारदर्शक झाली तिथे काच भिजली. मग खाचांचा धातूचा रोलर, मधून कडांकडे, हलक्या हाताने. रोलर दाबला की रेझिन बाहेर पळतं आणि हात उचलला की हवा परत आत येते. टॉर्च अगदी तिरपा धरला की राहिलेले बुडबुडे सावल्यांसारखे दिसतात. एकेक बुडबुडा कडेपर्यंत हाकलत न्यावा लागतो. हे काम कंटाळवाणं आहे, आणि मला ते आवडतं. डोकं रिकामं होतं आणि बोटांना सगळं कळत असतं.

मॅट पांढरी दिसली की वरून आणखी रेझिन ओतायचा मोह होतो. बरेचदा खाली रेझिन पुरेसं असतं, फक्त रोलर फिरवून ते वर आणायचं असतं. मॅटच्या कामात काचेच्या वजनाच्या दुप्पट ते अडीचपट रेझिन पुरतं. त्याहून जास्त झालं की ताकद वाढत नाही, वजन वाढतं, तापमान वाढतं आणि आकसणं वाढतं. पॉलिएस्टर सेट होताना आकारमानात साधारण ५ ते ८ टक्के आकसतं. काच आकसत नाही. म्हणून जिथे काच कमी आणि रेझिन जास्त, तिथे चेहरा आत ओढला जातो. हाताने केलेल्या कामात कौशल्य म्हणजे बरंचसं हे ओतायचं थांबवता येणं.

पहिला थर झाला की बाकी काही न करता रात्रभर सोडावा. याला व्यवहारात फारसे लोक तयार नसतात. पण हा पातळ थर कडक झाला की तो जेलकोट आणि पुढच्या जाड थरांच्या मध्ये आडवा उभा राहतो. त्यानंतरचे थर आकसले तरी त्यांचा ताण चेहऱ्यापर्यंत सहज पोहोचत नाही. दुसऱ्या दिवशी वर आलेले काचेचे काटे जाड पेपरने मोडायचे, धूळ पुसायची आणि ४५० ग्रॅमच्या मॅटचे थर चढवायला लागायचं. तेही एका बैठकीत दोन, फार तर तीन. पाच थर एकदम चढवले की आतली उष्णता इतकी वाढते की साचा तापून वाकडा होतो, जेलकोट प्लगवरून उचलतो. विणलेलं रोव्हिंग, म्हणजे काचतंतूंच्या जाड पेडांचं कापड, ताकदीला चांगलं, पण त्याला चेहऱ्यापासून दूर, निदान दोन-तीन मॅटच्या मागे ठेवावं. नाहीतर चकचकीत साच्यावर कोनातून पाहिलं की चौकटी चौकटी दिसतात. एकूण जाडी ज्या भागासाठी साचा आहे त्याच्या दुप्पट ते चौपट. बंपरचा भाग तीन मिलिमीटरचा असेल तर साचा त्या हिशोबाने.

मधल्या एका टप्प्याचं मला फार अप्रूप आहे. रेझिन जेल झालेलं असतं पण अजून कडक नाही, रबरासारखं. त्या थोड्या वेळात धारदार ब्लेडने फ्लँजबाहेरची वाढलेली मॅट सरळ कापता येते. वेळ चुकली तर तेच काम ग्राइंडरने करावं लागतं, आणि काचेची धूळ मानेत, मनगटात, बाहीत शिरते.

मोटारींच्या इतिहासात या सगळ्या सोसण्याचं फळ काय मिळालं ते पाहिलं की गंमत वाटते. शेव्हरोलेने १९५३ मध्ये कॉर्व्हेटची बॉडी फायबरची केली. पोलादी पत्र्याला दाबून आकार देणारे ठसे घडवायला लागणारा वेळ आणि खर्च त्या छोट्या संख्येला झेपणारा नव्हता, हे त्यामागचं एक मोठं कारण. त्या वर्षी ३०० गाड्या बनल्या, बहुतांशी हातांनी. १९५७ ची लोटस एलीट त्याहून धाडसी. तिला वेगळी चौकट जवळजवळ नव्हतीच, फायबरची बॉडीच भार पेलत होती. आज एखादा हौशी माणूस गॅरेजमध्ये एकच बंपर करतो तेव्हा त्याचं गणितही तेच असतं. थोडे नग हवेत, पोलादी ठसा परवडत नाही, हात आणि वेळ आहे.

साच्याची पाठ पूर्ण जाड झाली की तिला बरगड्या हव्यात, नाहीतर बॉनेटएवढा साचा उचलताना पिळतो. फोमच्या किंवा पुठ्ठ्याच्या नळ्यांच्या पट्ट्या ठेवून त्यावर मॅट चढवतात, किंवा लोखंडी पाइपची चौकट जोडतात. पण साचा पूर्ण सेट झाल्यावर, त्याआधी नाही. ताज्या साच्यावर बरगडी बसवली तर तिच्या कडेची रेघ चेहऱ्यावर येते. पाइप साच्याला थेट घट्ट चिकटवण्याऐवजी मध्ये फोमची गादी ठेवली तर ताण कमी होतो. हे झाल्यावर साचा प्लगवरच काही दिवस राहू द्यावा. शक्य असेल तर त्याला हलकी ऊब द्यावी. प्लग हीच त्याची तेव्हाची शिस्त असते. त्यावर असताना जेवढं आकसायचं तेवढं तो आकसून घेतो.

सोडवताना लोखंडी पट्टी नको. लाकडी किंवा प्लास्टिकच्या पाचरी फ्लँजच्या कडेने थोड्या थोड्या आत सरकवायच्या, मध्ये दाबाची हवा किंवा पाणी सोडायचं. पाणी पीव्हीएपर्यंत पोहोचलं की तो पापुद्रा विरघळायला लागतो. रबरी हातोडीने पाठीवर थोपटलं की कर्र असा आवाज येतो आणि जिथे आवाज आला तिथे साचा सुटला. आवाज सगळीकडे पसरेपर्यंत जोर लावायचा नाही. एका कोपऱ्यावर सगळा जोर लावणारे साचाही मोडतात आणि प्लगही.

चेहरा आता दिसतो. पीव्हीए धुवून काढायचं, टॉर्च तिरपा धरून पूर्ण पृष्ठभाग वाचायचा. बारीक पुरळ असेल तर १००० नंबरने पाण्यात घासून २००० पर्यंत जायचं आणि पॉलिश करायचं. फुटलेला कोपरा जेलकोटनेच भरायचा. भरलेल्या जागेवर हवा लागू नये म्हणून वर प्लास्टिकची पारदर्शक फिल्म दाबून ठेवायची, नाहीतर तो चिकटच राहील. मग पुन्हा पाच-सहा हात वॅक्स. नव्या साच्यातले पहिले काही नग काढताना प्रत्येक वेळी वॅक्सचा एक हात द्यावा आणि पहिला नग तरी पातळ, दोन मॅटचा करावा. तो जास्त तापत नाही, साच्याला ताण देत नाही, आणि अडलाच तर वाकवून सोडवता येतो. गाडीवर बसवायचा भाग दुसरा किंवा तिसरा.